तान्ह्या बाळाच्या डोक्याला मारहाणीतून होणारी इजा: ती ओळखतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गोव्यातले पालक, अंगणवाडी सेविका, नर्स, इंटर्न डॉक्टर आणि अधूनमधून वकीलही पाठवतात. सोपे आधी, किचकट नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बाळ आत्ता या क्षणी सुस्त असेल, श्वास अडकत असेल किंवा झटके येत असतील तर वाचत बसू नका, 108 लावा.

1. ‘शेकन बेबी’ म्हणतात ते हेच का? मग नाव का बदललं?

हेच, पण आताचं नाव जास्त व्यापक आहे. 1946 साली अमेरिकेतले बालरोग क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या मुलांची नोंद केली. मेंदूवर साचलेलं जुनं रक्त, सोबत हातापायांची मोडलेली हाडं, आणि अपघात झाल्याचं कुणीच सांगत नव्हतं. 1971 मध्ये ब्रिटिश न्यूरोसर्जन नॉर्मन गथकेल्च यांनी मांडलं की डोकं कशावरही न आपटता, नुसतं गदागदा हलवल्यानेही असा रक्तस्राव होऊ शकतो. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान लुळी आणि मेंदू मऊ असतो. डोकं झटक्याने पुढे-मागे फिरलं की मेंदूपासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात. त्या आवरणाखाली रक्त साचतं, त्याला सबड्यूरल रक्तस्राव म्हणतात.

नावातच ‘हलवणं’ असलं की तपासणारा आपटणं, फेकणं, ठोसा यांचा विचार करत नाही. म्हणून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2009 मध्ये सगळ्या कारणांना सामावून घेणारं ‘अब्युझिव्ह हेड ट्रॉमा’, म्हणजे मारहाणीतून डोक्याला होणारी इजा, हे नाव घ्यायला सांगितलं. या पानावर आम्ही ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द टाळला आहे. इजा करणाऱ्याच्या मनात काय होतं ते स्कॅनमध्ये दिसत नाही.

2. झोळीत जोरात झोके दिले, स्कूटरवरून खड्ड्यांतून नेलं, वर उडवून झेललं. यातून असं होईल का?

या पानावर सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. झोळी, पाळणा, मांडीवर खेळवणं, गाडीचे हादरे यांतून हे चित्र उभं राहत नाही. पॅरिसमधल्या 2010 च्या अभ्यासात 112 पैकी 29 प्रकरणांत इजा करणाऱ्याने कबुली दिली होती. सगळ्यांनी वर्णन केलेलं हलवणं अतिशय हिंसक होतं, आणि निम्म्याहून अधिक जणांनी ते पुन:पुन्हा केलं होतं, सरासरी 10 वेळा. बहुतेकांचं कारण एकच: हलवलं की बाळ रडायचं थांबायचं. पाहणाऱ्या कुणालाही ते धोक्याचं वाटलं असतं. नकळत झालं, अशातला तो प्रकार नव्हे.

न्हाऊ घालणारी बाई तेल लावल्यावर बाळाला पायाला धरून उलटं टांगते, ते मात्र बंद करा. त्याचा फायदा काही नाही आणि तेलकट हातातून बाळ निसटतं. स्कूटरवर तान्हं नेऊ नये हेही खरंच, पण ते अपघाताच्या भीतीने.

3. घरी काय दिसतं? डोक्याला खोक तर नसते ना?

बहुतेक वेळा बाहेर काहीच नसतं, आणि गोची इथेच आहे. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, जुलाब-ताप नसताना उलट्या करतं, किरकिर करतं, एकटक बघतं, झटके देतं, श्वास थांबवतं. रडत नसतानाही टाळू फुगलेली आणि ताठ लागते. डोक्याचा घेर झपाट्याने वाढतो. ही लक्षणं पोटाच्या विषाणूची, जंतुसंसर्गाची, पोटशूळाचीही असतात, म्हणून चुकामूक होते (पाहा प्रश्न 6).

साध्या गोष्टीने पुष्कळ कळतं. प्रत्येक लसीच्या वेळी न ताणणाऱ्या टेपने डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहा: भुवयांच्या वरून, मागे सर्वांत उंच भागावरून, तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा. एका मापाने काही सांगता येत नाही. आलेखावर रेषा ओलांडून वर चढलेली तीन मापं बोलकी असतात.

4. तीन महिन्यांच्या बाळाच्या कानावर बारीकसा निळा डाग आहे. एवढ्याशा डागासाठी हॉस्पिटल?

हो. आजच. जे बाळ अजून धरून चालत नाही त्याला सहसा वळ उठत नाहीत. 1999 च्या एका अमेरिकी पाहणीत सहा महिन्यांखालच्या 366 बाळांपैकी जेमतेम 0.6 टक्के बाळांच्या अंगावर वळ होता. तो दुखत नाही, दोन-चार दिवसांत जातो, आणि पुढच्या महिन्यात तेच बाळ बेशुद्ध होऊन येऊ शकतं.

यावरून मेरी क्लाइड पियर्स आणि सहकाऱ्यांनी एक नियम बांधला. 2021 मध्ये 2,161 मुलांवर तपासलेलं त्याचं सुधारित रूप टेन-फोर-फेसेस-पी या नावाने ओळखतात. तो चार वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. धड, कान किंवा मान यांवर वळ. जिभेखालचा किंवा ओठामागचा पडदा फाटलेला. जबड्याचा कोपरा, गालाचा मांसल भाग, पापणी यांवर वळ, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग. बोटांसारखी, पट्ट्यासारखी खूण. आणि पाच महिन्यांखालच्या बाळाला अंगावर कुठेही, कितीही लहान वळ. यातलं एक जरी असलं आणि सार्वजनिक जागी, इतरांसमोर घडलेला पटणारा अपघात नसला, तर पुढची तपासणी करायची. इजा केलेल्या 100 मुलांपैकी 95 या नियमात सापडली आणि अपघात झालेल्या 100 पैकी 87 योग्य रीतीने सुटली. तपासणी खोलीत पाच मिनिटांत, फुकट होणाऱ्या चाचणीसाठी हे आकडे फार चांगले आहेत. स्कॅनवर भरमसाट संशोधन होतं, बाळाचे कपडे उतरवण्यावर कमी होतं, याची आम्हाला खंत आहे.

बघायचं कसं: बाळ पूर्ण उघडं, लंगोटही काढून, चांगल्या उजेडात. कानाची पाळी पुढे दुमडून मागची बाजू बघा. टोकाच्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके असतात आणि केसांत लपतात. हनुवटी वर करून गळ्याच्या वळ्या उघडा. वरचा ओठ उलटून आतला पडदा बघा. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. रंगावरून वळाचं वय सांगू नका. पिवळसर झाला असेल तर साधारण 18 तास तरी उलटले असावेत, एवढंच म्हणता येतं.

5. आमच्या बाळाच्या कंबरेवर जन्मापासून निळा डाग आहे. तो वळ समजतील का?

समजू शकतात, म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीतच तो कागदावर नोंदवून घ्या. आपल्याकडे हे जन्मखुणेचे निळे-करडे डाग सर्रास असतात, बहुधा कंबर आणि कुल्ल्यांवर. ते दाबल्यावर दुखत नाहीत, सुजलेले नसतात आणि आठवड्यानंतरही तसेच दिसतात. शंका असेल तर फोटो काढून दहा दिवसांनी पुन्हा बघायचं. पण बाळाला दुसरं एखादं लक्षण असेल तर दहा दिवस थांबायचं नाही.

6. शिकलेल्या, बऱ्या घरात हे घडतं का?

घडतं, आणि तिथेच निसटतं. 1999 मध्ये कॅरोल जेनी यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशी इजा झालेल्या 173 मुलांपैकी 54 मुलं पहिल्या भेटीत ओळखलीच गेली नव्हती. खरं निदान व्हायला सरासरी सात दिवस गेले आणि निसटलेल्यांपैकी 15 मुलांना त्या मधल्या काळात पुन्हा इजा झाली. आई-वडील दोघे घरात असलेली, गोऱ्या कुटुंबांतली, वयाने लहान आणि लक्षणं सौम्य असलेली मुलं जास्त निसटली. नियम किंवा गुण (पाहा प्रश्न 4 आणि 12) वापरायचे ते याचसाठी: कोण आहे यावर न जाता काय दिसतंय यावर जायचं.

7. बाळ खाटेवरून किंवा बाल्कांवच्या (घरापुढच्या व्हरांड्याच्या) पायरीवरून पडलं होतं, आणि डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत.

खाटेवरून पडून टेंगूळ येतं, कधी कवटीला एका बाजूची सरळ, केसासारखी चीर पडते आणि तिच्या खाली थोडं रक्त साचतं. कवटी आणि मेंदूच्या बाहेरच्या आवरणामध्ये साचणारं रक्त, म्हणजे एपिड्यूरल रक्तस्राव, कमी उंचीवरूनही होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून पडल्याचं कधीच हलक्यात घेऊ नका. पण दीड मीटरच्या आतल्या उंचीवरून पडून पाच वर्षांखालचं मूल दगावण्याचं प्रमाण 2008 च्या चॅडविक यांच्या आढाव्यात दर दहा लाख मुलांमागे वर्षाला 0.48 पेक्षा कमी निघालं. अशक्य नाही, अतिविरळ आहे.

डॉक्टर संशय घेतात तो हकिगत आणि इजा जुळेना तेव्हा: चार महिन्यांचं बाळ ‘चालताना पडलं’, दर वेळी हकिगत बदलली, किंवा बाळ दहा तास बेशुद्ध असताना कुणी दवाखान्यात आणलं नाही. खरोखर पडलं असेल तर मोजमाप द्या: खाट किती उंच, खाली लादी होती की चटई, कोणत्या अंगावर पडलं, लगेच रडलं का, कोणी पाहिलं. खोलीचा फोटोही काढून ठेवा. बाळाला कडेवर घेऊन कुणी चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरलं असेल तर ते आवर्जून सांगा. साध्या पडण्यापेक्षा त्यात जास्त जोर असतो.

8. हॉस्पिटलमध्ये नेमक्या कुठल्या तपासण्या होतात, आणि कुठल्या क्रमाने?

आधी श्वास, रक्तदाब, साखर, झटके. निदान त्यानंतर.

मग सीटी स्कॅन: कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून रंगद्रव्य न देता), बारीक काप, कवटीची त्रिमित प्रतिमा बनवून. ताज्या रक्तासाठी आणि कवटीच्या चिरेसाठी याहून जलद काही नाही. साध्या कापांत जी चीर कवटीच्या सांध्यासारखी भासते ती त्रिमित चित्रात सुटी दिसते. उलटही होतं, म्हणून दोन्ही बघतात. बाळ स्थिर झालं की दोन ते पाच दिवसांत एमआरआय. त्यात मेंदूच्या पेशींची सूज, तुटलेल्या शिरा, आणि मानेचा भाग घेतला तर मानेच्या स्नायुबंधांची इजा दिसते. मान घ्यायला लोक विसरतात.

दोन वर्षांखालच्या मुलाचे सर्व हाडांचे एक्स-रे: हात, पाय, तळवे, कणा, कवटी, आणि बरगड्या तिरक्या कोनातूनही. वीसेक फिल्म होतात. अख्खं बाळ एकाच फिल्मवर घेतलं तर बरगड्यांच्या चिरा आणि हाडांच्या टोकांचे तुकडे हातचे जातात. असा एक्स-रे काढून ‘हाडं नॉर्मल’ लिहू नये. ताजी बरगडी मोडलेली असली तरी पहिल्या दिवशी ती दिसेलच असं नाही, म्हणून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फिल्म घेतात. तेव्हा भरून येणाऱ्या हाडाची गाठ दिसते. ही दुसरी फेरी सगळ्यात जास्त चुकते, कारण तोवर बाळ घरी गेलेलं असतं. डिस्चार्जच्या कागदावर तारीख घालूनच द्या.

रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या पीटी, एपीटीटी या चाचण्या (पाहा प्रश्न 10), आणि यकृताची एएलटी-एएसटी. यांपैकी एक जरी 80 च्या वर असेल तर पोटाला आतून मार बसला असण्याचा विचार करून पोटाचं सीटी करतात, पोटावर एकही वळ नसला तरी.

9. डोळ्यांचे डॉक्टर कशाला? डोळ्यात रक्त म्हणजे हलवलंच ना?

डोळ्यात रक्त असणं एवढंच पुरेसं नाही. किती, कुठे, कुठल्या थरात, ते महत्त्वाचं. साध्या प्रसूतीतही साधारण चौथाई बाळांच्या दृष्टिपटलावर रक्ताचे ठिपके येतात, व्हॅक्यूम लावल्यास आणखी जास्त. ते बहुतेक दोन आठवड्यांत आणि जवळपास सगळे सहा आठवड्यांत जातात. रक्त गोठण्याच्या विकारात, वाहनाच्या मोठ्या अपघातातही थोडे ठिपके दिसतात. मोजता येणार नाहीत एवढे, अनेक थरांत, पटलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत पसरलेले ठिपके आणि पटलाचे थर एकमेकांपासून सुटलेले असतील, तर मात्र तीव्र हलवण्याची शक्यता फार वाढते.

बाहुल्या औषधाने मोठ्या करून, शक्यतो 24 तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत ही तपासणी व्हायला हवी, कारण बारीक ठिपके दिवसांत विरतात. न्यूरोसर्जन बाहुल्या मोठ्या करू देत नाहीत, अशी तक्रार येते. त्यांचंही बरोबर आहे, मेंदूवरचा दाब ते बाहुल्यांवरूनच पाहतात. कमी वेळ टिकणारं औषध, एका वेळी एकच डोळा, आणि केसपेपरवर वेळ लिहून ठेवली की दोघांचं काम होतं.

10. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं नाही तर असाच रक्तस्राव होतो म्हणे?

होतो, आणि आपल्याकडे हा मुद्दा फार मोलाचा आहे. नुसत्या आईच्या दुधावर असलेल्या बाळात, बहुधा दोन ते आठ आठवड्यांच्या वयात, हे जीवनसत्त्व कमी पडून अचानक मेंदूत रक्त साचतं. त्याआधी नाकातून, बेंबीतून किंवा इंजेक्शनच्या जागेतून थोडं रक्त आल्याचं आई सांगते. जन्मताच मांडीत 1 मिलिग्रॅम (1000 ग्रॅमखालच्या बाळाला अर्धा) दिलं की हे जवळजवळ टळतं. घरी किंवा वाटेत झालेल्या बाळंतपणात ते राहून जातं. म्हणून जन्माचं कार्ड मागून घ्या. ‘दिलं असेल’ हे उत्तर चालत नाही.

चाचणीत पीटी प्रचंड लांबलेला असतो आणि प्लेटलेट ठीक असतात. व्हिटॅमिन के दिल्यावर काही तासांत पीटी सुधारतो. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली: आधी व्हिटॅमिन के किंवा प्लाझ्मा देतात आणि मग रक्त काढतात, त्यामुळे पुरावाच पुसला जातो. जीव वाचवायला थांबू नका, पण आधी एक नमुना घ्या. दुसरी: निळ्या टोपणाची सायट्रेट नळी खुणेपर्यंत भरत नाही. तिच्यात रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण 9 ला 1 ठरलेलं असतं. तान्ह्याच्या शिरेतून रक्त येईना म्हणून नळी अर्धीच भरली तर पीटी-एपीटीटी खोटेच लांबलेले येतात.

एक अपवाद: मेंदूला मार लागल्यानेही पीटी थोडा लांबतो. थोडा लांबलेला पीटी दिसला म्हणून मारहाण नाही असं होत नाही.

11. दुसरे कुठले आजार फसवतात?

हिमोफिलिया. घटक 13 ची कमतरता: तिच्यात पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येतात, म्हणून ती वेगळी मागावी लागते, नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहणं ही तिची खूण. ग्लुटारिक अ‍ॅसिडुरिया प्रकार 1: डोकं मोठं, मेंदूभोवती जागा रुंद, तिथे रक्त, लघवीतल्या सेंद्रिय आम्लांच्या चाचणीत सापडतो. ठिसूळ हाडांचा जनुकीय आजार. मेंदूच्या शिरेत गुठळी. नातेसंबंधातलं लग्न, आधीचं मूल तान्हेपणी गेलेलं, मामांना रक्तस्रावाचा त्रास, हे प्रश्न विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

12. कॉम्प्युटरवर गुण टाकून निदान होतं असं ऐकलं. खरं का?

गुण टाकून पुढची तपासणी करायची की नाही हे ठरतं. निदान होत नाही. अमेरिकेतल्या केंट हायमेल यांच्या गटाचा पेडिबर्न नियम अतिदक्षता विभागातल्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. चार गोष्टी: दाखल होण्याआधी श्वासाचा त्रास; धड, कान किंवा मानेवर वळ; दोन्ही बाजूंना किंवा मेंदूच्या दोन अर्धगोलांमध्ये सबड्यूरल रक्त; आणि बाजूची एकच साधी सरळ चीर सोडून कवटीचा दुसरा कुठलाही अस्थिभंग. यातली एकही असेल तर पूर्ण तपासणी. 2014 च्या पडताळणीत मारहाणीतून इजा झालेल्या 100 पैकी 96 त्यात सापडली, पण मारहाण न झालेल्या 100 पैकी 57 वरही बोट गेलं. म्हणून ‘नियमात बसलं’ हे वाक्य पोलिसांच्या कागदावर पुरावा म्हणून लिहू नये.

पिट्सबर्गचा पिबिस हा गुणांक आधीच्या पायरीवर कामाला येतो: तान्हं बाळ उलट्या-किरकिरीने आलंय, पडल्याचं कुणी सांगत नाही, सीटी करू की नको? त्वचेवर खूण 2 गुण, वय तीन महिने किंवा जास्त 1, डोक्याचा घेर 85 व्या पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे त्या वयाच्या 100 पैकी 85 बाळांपेक्षा मोठा) 1, हिमोग्लोबिन 11.2 पेक्षा कमी 1. दोन गुण झाले की स्कॅन. आपल्याकडे रक्तक्षयामुळे हिमोग्लोबिनचा एक गुण कितीतरी बाळांना आयताच मिळेल, हे ध्यानात ठेवून वापरा. हे सगळे नियम परदेशी मुलांवर बांधलेले आहेत.

13. रक्ताची एकच चाचणी निघाली नाही का?

अजून नाही. रेचल बर्गर यांच्या गटाने रक्तातली काही प्रथिनं हिमोग्लोबिनसोबत जोडून एक गुणांक बनवला. तो मेंदूत रक्तस्राव असलेली बरीच बाळं पकडतो, पण रक्तस्राव नसलेल्यांपैकी निम्म्यांवरही बोट ठेवतो. शिवाय अशी चाचणी फार तर ‘मेंदूला इजा आहे’ सांगेल. ती कशी झाली, हे कुठलंच प्रथिन सांगणार नाही.

14. मारहाण झाली हे डॉक्टरच ठरवतात आणि मग त्याच मुलांची लक्षणं ‘मारहाणीची’ म्हणून मोजतात. हे वर्तुळ नाही का?

आहे, आणि या क्षेत्रातली ही खरी दुखरी जागा आहे. डोळ्यातलं रक्त पाहून निदान केलं आणि मग ‘अशा मुलांत डोळ्यात रक्त सापडतं’ असा निष्कर्ष काढला, तर त्याला अर्थ नाही. चांगले अभ्यास यातून वाट काढतात: कबुली असलेली किंवा साक्षीदारांसमोर घडलेली प्रकरणं वेगळी मोजतात, तुलनेला इतरांच्या डोळ्यांदेखत झालेले अपघात घेतात, किंवा जे लक्षण तपासायचं ते निदान ठरवणाऱ्या मंडळींपासून लपवतात. संशोधन वाचताना आधी हाच परिच्छेद शोधा.

2016 मध्ये स्वीडनच्या सरकारी मूल्यमापन संस्थेने याच कारणावरून म्हटलं की तीन लक्षणांवरून (सबड्यूरल रक्त, दृष्टिपटलावरचं रक्त, मेंदूच्या कामातला बिघाड) हलवल्याचं ठरवायला पुरावा मर्यादित आहे. 2018 मध्ये बालरोग आणि रेडिओलॉजीच्या अनेक संघटनांनी एकत्रित निवेदन काढून उत्तर दिलं: नुसत्या तीन लक्षणांवर निदान कोणी करत नाही, पूर्ण तपासणीनंतर आणि इतर आजार वगळूनच करतात. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात घेण्यासारखं आहे. प्रश्न 10 आणि 11 मधल्या चाचण्या न करता कुणी तीन लक्षणांवर बोट ठेवत असेल, तर स्वीडनचा आक्षेप त्याला पुरेपूर लागू पडतो.

15. स्कॅनवरून दिवस, वेळ आणि कोणी केलं ते कळेल का?

‘कोणी’ कधीच नाही. वेळही ढोबळच, गडद आणि फिकं रक्त शेजारी दिसलं म्हणजे दोन वेळा मार बसला असं नसतं, ताज्या रक्तात मेंदूभोवतीचं पाणी मिसळूनही तसं दिसतं. मोठी इजा झालेलं बाळ बहुधा लगेच बदललेलं दिसतं, म्हणून ‘शेवटचं हसत-खेळत, नीट दूध पिताना कधी पाहिलं’ हा प्रश्न स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी.

16. जुळ्यातलं दुसरं बाळ ठणठणीत आहे. त्यालाही एक्स-रे?

हो. अशा प्रकरणांत जुळ्या भावंडात लपलेले अस्थिभंग सापडण्याचं प्रमाण इतर भावंडांपेक्षा बरंच जास्त असतं. घरातल्या दोन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची तपासणी करावी.

17. गोव्यात पुढे काय होतं? पोलीस लगेच मूल घेऊन जातात का?

हॉस्पिटल मेडिको-लीगल नोंद करून पोलिसांना कळवतं. मुलाने कुठे राहायचं हा निर्णय बाल कल्याण समितीचा असतो, डॉक्टरांचा नाही. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 मुलाशी क्रूरतेबद्दल आहे; शिवाय गोवा बाल कायदा 2003 असून त्याखालचं बाल न्यायालय आहे. घराबाहेरच्या कुणाला संशय आला तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

डॉक्टरांसाठी एक सूचना. केसपेपरवर पालकांचे शब्द अवतरणात, कोंकणीत बोलले असतील तर कोंकणीतच, वेळेसह लिहा. ‘मारहाण’ हा निष्कर्ष पहिल्या पानावर लिहू नका; काय पाहिलं, काय मोजलं ते लिहा. पालकांशी सरळ बोला: ‘ही इजा कशी झाली ते आम्हाला समजत नाहीये, म्हणून या तपासण्या प्रत्येक अशा बाळाच्या करतो.’ निर्दोष पालकही यावर चिडतात, तेव्हा रागावरून काही अंदाज बांधू नये.

18. बाळ तासन्‌तास रडतं आणि मलाच भीती वाटते की माझा हात उठेल. काय करू?

बरं झालं विचारलंत. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. तुमचं काही चुकतंय म्हणून ते रडत नाही. दूध, लंगोट, ताप, बोटाला गुंडाळलेला केस एकदा बघा. तरी थांबलं नाही तर बाळाला पाठीवर, रिकाम्या पाळण्यात ठेवा, दार ओढून घ्या आणि दहा मिनिटं बाहेर सोप्यात बसा. रडून बाळाला काही होत नाही. शेजारच्या काकीला हाक मारा, नवऱ्याला फोन करा. रोजच असं होत असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, किंवा बाळाच्या पुढच्या लसीला डॉक्टरांना सांगा.

ही माहिती बाळंतपणानंतर हॉस्पिटलमध्येच दिल्याने न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात अशा इजा 47 टक्क्यांनी घटल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे पेनसिल्व्हेनियात राज्यभर तोच कार्यक्रम केला तेव्हा घट दिसली नाही. तेव्हा एका पत्रकावर विसंबू नका. बाळ ज्यांच्या हाती द्याल त्या प्रत्येकाला, बाबांना, आजीला, क्रेशमधल्या मावशीला, हे पाळण्यात ठेवून बाहेर येण्याचं तोंडी सांगा, आणि ‘जमेना तर मला कधीही फोन कर’ हेही.